कानाडोळा

माणसाला म्हातारपण कबूल करायला फारसे जड जात नाही. जड जातात ते त्याचे तपशील. केस पिकले हे आपण हसत सांगतो. गुडघे दुखतात हे तर चारचौघांत कौतुकानेच सांगतो, आणि समोरच्याचे गुडघे आपल्यापेक्षा जास्त दुखत असले तर मनातून थोडे खट्टूही होतो. पण ऐकू येत नाही हे मात्र कुणी आपण होऊन सांगत नाही. चष्मा लावला की माणूस विद्वान दिसतो. कानात यंत्र घातले की बिचारा दिसतो. निदान मला तरी तसेच वाटत आले आहे, आणि म्हणून गेली चार वर्षे मी माझा बहिरेपणा चोरून ठेवला होता.

या चोरीत मी चांगली तरबेज झाले होते. "हो का?" आणि "अगंबाई!" या दोन उद्गारांवर अर्धा संसार निभावतो हे मला याच काळात कळले. बातमी लग्नाची असो की मोडलेल्या हाताची, आवाज जरा वरखाली केला की दोन्हीकडे चालतात. चार माणसे हसली की आपण हसावे, मात्र किंचित उशिरा, म्हणजे विनोद समजून हसल्यासारखे दिसते. टेलिफोन वाजला की आपले हात पिठाचे असावेत. आपल्या भाषेत कानाडोळा करणे म्हणजे दुर्लक्ष करणे. मी मात्र डोळ्यांचेच कान करून बसले होते आणि समोरच्याच्या ओठांवरून नजर ढळू देत नव्हते. एकदाच फजिती झाली. शेजारच्या बाई यजमानांच्या शस्त्रक्रियेची हकिकत सांगत होत्या आणि मी म्हणाले, "छानच झालं की!"

लेकीच्या ते लक्षात आले. तिने मला पुण्याला नेऊन कान तपासून घेतले, यंत्र घेऊन दिले. ते यंत्र त्याच्या इवल्याशा डबीसकट मेतकूट आणि भाजणीच्या पिशव्यांमध्ये बसून माझ्याबरोबर सिडनीला आले आणि तिथे माझ्या खोलीतल्या खणात जाऊन पडले. परदेशात तर मला त्याची मुळीच गरज वाटेना. दुकानात, बागेत, शेजारीपाजारी कुणी काही बोलले आणि माझ्याकडून उत्तर गेले नाही, तर लोक मला बहिरी समजत नसत. म्हातारीला इंग्रजी येत नाही एवढेच समजत. एकतीस वर्षे हायस्कुलात शिकवलेल्या बाईने हा अपमान अगदी आनंदाने पत्करला.

असे बरे चालले होते. एक दिवस नातवाने शाळेतून एक कागद आणला. नातू दहा वर्षांचा. त्याची एक सवय मला फार आवडे. काही सांगायचे असले की तो लांबून ओरडत नसे. धावत येऊन अगदी माझ्या पुढ्यात उभा राही आणि मग बोले. मुलीने चांगले वळण लावले आहे असे मी मनाशी म्हणे. तसाच तो पुढ्यात आला आणि म्हणाला, "आजी, आमच्या शाळेत नाटक आहे. एकच माणूस करणार आहे. हेन्री लॉसनचं. आजी-आजोबांना पण बोलावलंय. तू येशील?"

हेन्री लॉसन कोण हे मला ठाऊक नव्हते. मराठीची शिक्षिका, तीही माणदेशातल्या एका गावची. माझा कवींशी परिचय आमच्या पाठ्यपुस्तकांच्या कुंपणाबाहेर फारसा गेलाच नव्हता. पण न वाचता वर्गावर जायचे नाही ही जुनी खोड. घराजवळच्या वाचनालयातून मी त्याच्या गोष्टींचे पुस्तक आणले, त्याचे एक चरित्र आणले, आणि पंधरा दिवस खिडकीशी बसून वाचत राहिले. वाचताना कान लागत नाहीत, हे पुस्तकांचे उपकार.

लॉसनला तिकडे 'बुश'चा कवी म्हणतात. बुश म्हणजे झुडूप असे आपण शाळेत शिकतो. पण तिथे शहराची वेस संपली की पुढे जे काही पसरले आहे ते सगळेच बुश. रान, माळ, मेंढरांचे मुलूख, पाण्यावाचून तडकलेली जमीन. माझ्यासारख्या माणदेशी बाईला त्याचे भाषांतर करून सांगावे लागले नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' 1949 साली पुस्तकरूपाने आली. ती ज्याने वाचली आहेत त्याला लॉसनची माणसे परकी वाटणार नाहीत. कमी बोलणारी, दुष्काळाला सरावलेली, दुःखाची गोष्ट सांगताना हळूच एखादा चिमटा काढणारी. आमच्याकडचे धनगर मेंढरे घेऊन चाऱ्यासाठी मुलूख तुडवतात तसा त्याच्या गोष्टींतला गडीही कळप हाकत महिनोन्महिने जातो. फरक एवढाच, की आमच्या धनगराची बायको पोरे, कोंबड्या, सगळे बिऱ्हाड घोड्यावर लादून बरोबर निघते. त्या बिचारीला एकटीला मागे राहावे लागते.

लॉसनचा जन्म 1867 चा, न्यू साऊथ वेल्समधल्या ग्रेनफेल या सोन्याच्या खाणींच्या वस्तीतला. आमचे केशवसुत 1866 चे. म्हणजे दोघे जवळजवळ एकाच वयाचे. बाप नॉर्वेचा खलाशी, नील्स लार्सन. त्या लार्सनचेच पुढे लॉसन झाले. आई लुईझा. ही बाई मला मुलापेक्षाही मोठी वाटली. मुलाला शाळा नाही म्हणून तिने खटपट करून युरुंडेरी या खेड्यात शाळा आणवली. पुढे सिडनीला येऊन 1888 साली तिने 'डॉन' नावाचे बायकांचे मासिक काढले. लिहिणाऱ्या बायका, छापणाऱ्याही बायका. मुद्रक-कामगारांच्या संघटनेने विरोध केला तरी सतरा वर्षे ते चालवले. बायकांना मत मिळावे म्हणून ती झगडली, आणि 1902 साली तिच्या राज्यात ते मिळाले.

आईने आणलेल्या त्या शाळेत मुलगा जेमतेम तीन वर्षे शिकला. नवव्या वर्षी त्याचे कान दुखू लागले. चौदाव्या वर्षापर्यंत ऐकणे जवळपास गेलेच. 1887 साली तो मेलबर्नच्या डोळ्यांच्या आणि कानांच्या रुग्णालयात जाऊन आला. उपयोग झाला नाही. त्याच वर्षी 'बुलेटिन' साप्ताहिकात त्याची पहिली कविता छापून आली.

या ठिकाणी मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर बघत बसले हे कबूल करते.

रात्री जेवताना जावई म्हणाले, "आई, तुम्ही त्या लॉसनचं एवढं कौतुकानं वाचताय, पण त्या 'बुलेटिन'च्या मथळ्यावर काय छापलेलं असायचं माहीत आहे? 1908 पासून पन्नास वर्षं 'ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी'." ते पुढे काय बोलले ते त्यांनी तोंड ताटाकडे वळवल्यामुळे मला कळले नाही; पण चरित्रात मी ते वाचलेलेच होते. लॉसनच्याही काही कवितांत आशियातल्या माणसांविषयी भीती आहे, तुसडेपणा आहे. 1901 च्या कायद्याने या देशात उतरू पाहणाऱ्या माणसाला पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालता येत असे, आणि तेही अधिकाऱ्याच्या मर्जीतल्या कोणत्याही युरोपीय भाषेत. नको असलेला माणूस नापास व्हावा हाच त्यातला हेतू. ती परीक्षा 1958 साली गेली. श्रुतलेखनात मी तर आता मराठीतसुद्धा नापास झाले असते. पण एवढे वाचूनही मला पुस्तक परत करावेसे वाटले नाही. ज्याने माझ्यासाठी दार उघडले नसते अशा माणसाची गोष्ट मी त्याच्याच देशात, खिडकीत पाय पसरून वाचत होते. या परिस्थितीतली मौज त्यालाही कळली असती असे वाटते.

ठरल्या दिवशी मी शाळेत गेले. कचेरीत नाव लिहून घेतात आणि छातीवर चिठ्ठी चिकटवतात, मग आत सोडतात. सभागृहात तीनशेएक मुले जमिनीवर मांडी घालून बसली होती. चिनी, लेबनीज, तमिळ, पंजाबी, बेटांवरची, गोरी, डोकीच डोकी. भिंतीकडेला आम्हा म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या. समोर पडदा नाही, मंच नाही. एक पत्र्याची पेटी, एक लाकडी स्टूल, तारेच्या कडीचा काळाकुट्ट डबा, आणि एक वळकटी.

वळकटीच ती. तिकडे तिला 'स्वॅग' म्हणतात. घोंगडीत चार कपडे गुंडाळून, पट्ट्याने आवळून खांद्यावर टाकायची आणि कामाच्या शोधात गावोगाव चालायचे. डब्याला म्हणतात 'बिली', चहा उकळायचा तो त्यात. लॉसनच्या 1896 च्या गोष्टींच्या पुस्तकाच्या नावातच हा डबा आहे.

नट एकटाच आला. पन्नाशीचा, लांबोडका, हडकुळा, लॉसनसारख्याच झुपकेदार मिश्या. आपल्याला एकट्याच्या नाटकाचे नवल नाही. कीर्तनकार बुवा उपरण्याचा पदर डोक्यावर घेतात की यशोदा होतात आणि कमरेला आवळतात की भीम होतात, हे आपण लहानपणापासून बघितलेले असते. पु. लं.नी 1961 पासून 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली, लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न माणसे एका अंगात वागवली. पण या गृहस्थाजवळ ना टाळ-मृदंग, ना तिकीट काढून हौसेने आलेला प्रेक्षक. त्याच्यापुढे होती सकाळची प्रार्थना उरकून, डबा खायच्या सुट्टीकडे डोळे लावून बसलेली तीनशे मुले. मी मुलांपुढे एकतीस वर्षे उभी राहिले आहे. त्याने पेटीवर पाय ठेवला तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला.

टोपी पुढे ओढली की तो लार्सन होई, पाठीमागे टाकली की हेन्री. चष्मा नाकावर उतरवून, हात कमरेवर ठेवला की लुईझा. त्याचे इंग्रजी माझ्या कानांना लागणे शक्यच नव्हते, पण मी घरून तयारी करून गेले होते. कुठली गोष्ट चालली आहे हे मला अंगविक्षेपांवरून कळत होते. अगदी चोरून ठेवलेल्या उत्तरांच्या कागदावरून परीक्षा द्यावी तसे.

मग शाळेचा प्रसंग आला. त्याने स्टुलावर वळकटी ठेवली. तो झाला हेन्री, बाकावर बसलेला. स्वतः झाला मास्तर. मास्तर फळ्याकडे वळून काही सांगतो, वळतो, प्रश्न विचारतो. आणि बोलता बोलता त्याने आवाज बंद केला. मला हे लगेच कळले नाही, कसे कळणार? मला मुलांच्या चेहऱ्यांवरून कळले. मास्तरांचे ओठ हलत होते, बोट नाचत होते, भुवया चढत होत्या. पहिल्यांदा मुले खिदळली. मास्तर आणखी जोराने बोलू लागले, मानेच्या शिरा फुगल्या, आणि आवाज नाही. मुलांचे खिदळणे विरत गेले. काही जण पुढे झुकले. एका पोराने आपल्याच कानात बोट घालून पाहिले. मास्तर वळकटीसमोर येऊन उभे राहिले, उत्तराची वाट पाहिली, छडी उगारली. सगळे मिळून एक मिनिट असेल. त्या एका मिनिटात त्या सभागृहातले लहानथोर सगळे माझ्या बरोबरीने बहिरे होते.

मी मात्र तिथे नव्हते. मी नववी ब मध्ये होते, 1984 साली.

तिसऱ्या बाकावर वाडीवरून येणारा एक मुलगा बसे. अंगाने थोराड, नजर माझ्या तोंडावर खिळलेली, आणि प्रश्न विचारला की भलतेच उत्तर. मी केशवसुत विचारावेत आणि त्याने मोरोपंत सांगावेत. शेजारचा मुलगा त्याला कोपराने ढोसून काहीतरी सांगतो हे माझ्या लक्षात आले. नक्कल! मी त्या दोघांची ताटातूट केली. शेजाऱ्याला खिडकीकडे धाडले आणि याला शेवटच्या बाकावर. त्यानंतर तर तो उत्तरच देईनासा झाला. "तुझे कान असतात कुठं रे?" असे मी एकदा विचारले. वर्ग हसला. तोही हसला, किंचित उशिरा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. वर्गात साठ मुले. एक कमी झाला. पुढे कितीतरी वर्षांनी बाजारात त्याचा तो शेजारी भेटला. कांद्याचा ढीग घेऊन बसला होता. बाई म्हणून उठून उभा राहिला, पाया पडला. बोलता बोलता मी त्याच्या दोस्ताची चौकशी केली. तो म्हणाला, "बाई, त्येला ऐकायलाच येत नव्हतं. ल्हानपणी कान फुटल्याला. तुमचा प्रश्न मी त्येला सांगत हुतो, उत्तर न्हाई."

उत्तर नाही, प्रश्न. मी एक किलो कांदे घेऊन घरी आले होते. पैसे त्याने घेतले नाहीत.

मी भानावर आले तोवर समोर बर्क गाव आले होते. 'बुलेटिन'चे संपादक आर्चिबाल्ड यांनी 1892 साली लॉसनला पाच पौंड आणि आगगाडीचे तिकीट देऊन तिकडे धाडले. तिथून तो आणि जिम गॉर्डन नावाचा पोरसवदा मित्र दोघे भर दुष्काळी उन्हाळ्यात हंगरफर्डपर्यंत, दोनशेहून अधिक किलोमीटर, पायी चालत गेले. नट वळकटी खांद्याला मारून तीनशे मुलांमधून चालू लागला. मुले पाय आखडून वाट करून देत होती. वाटेत बसून त्याने डब्यात खोटाच चहा उकळला आणि एका लहान मुलीला प्यायला दिला. तिने तो फुंकर घालून प्यायला.

पॅटरसनचा प्रसंग त्याने फार मजेदार केला. बँजो पॅटरसन हा त्याच काळातला दुसरा बुश-कवी. वकील, घोडेस्वार, खाऊनपिऊन सुखी. लॉसनने बुशची रडकथा मांडायची आणि पॅटरसनने तिथल्या मोकळ्या वाऱ्याचे गुणगान करायचे, अशी 'बुलेटिन'मध्ये 1892 साली दोघांची जुगलबंदी झाली. लोक हिरिरीने बाजू घेऊ लागले. पॅटरसनने म्हातारपणी, 1939 साली, गुपित फोडले: ही कल्पना लॉसनचीच, दोघांनाही चार पैसे मिळावेत म्हणून! नटाने अर्ध्या अंगाने घोड्यावर बसून आणि अर्ध्या अंगाने पायी चालून हा वाद घातला. ते कसे केले ते लिहून सांगता येणार नाही.

मग पिसाळलेल्या गर्दीसारखी मुले हसवणारी ती कुत्र्याची गोष्ट झाली, ज्यात मासे मारायला केलेला सुरुंग तोंडात धरून कुत्रे मालकांच्या मागे धावते. आणि लगेच त्याच्यापुढे ती 1892 ची, कळपामागे गेलेल्या माणसाच्या बायकोची. रानातले खोपट, चार पोरे, घराच्या फळ्यांखाली शिरलेला साप, आणि हातात दांडके घेऊन रात्रभर जागणारी आई. साप सकाळी निघतो, कुत्रा त्याला ओढून काढतो, सगळे निभावते. पण मला त्या गोष्टीतली दुसरीच जागा आवडते आणि नटाने ती गाळली नव्हती. रविवारी ती बाई स्वतः नीटनेटकी होते, पोरांना ठाकठीक करते, आणि बाबागाडी ढकलत रानातल्या वाटेने फिरायला जाते. बघायला कुणी नाही, भेटायला कुणी नाही. तरी शहरात जावे तसे नटून जाते. नटाने वळकटीचीच बाबागाडी केली होती. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजोबांनी डोळे पुसले. ते कुठल्या देशाचे हे मला कळले नाही.

लहान मुलांपुढे कवीचे किती सांगावे? मी केशवसुत शिकवताना फळ्यावर चार ओळी लिहीत असे: जन्म, मृत्यू, गाव, ग्रंथ. कवी म्हणजे हार घातलेली तसबीर, तिला डाग नकोत. या गृहस्थाने तसे केले नाही. त्याने दारूची बाटली दाखवली नाही, पण हात कापताना दाखवले. 1905 ते 1910 या काळात लॉसन बायकोमुलांची पोटगी थकवल्याबद्दल आणि दारूपायी अनेकदा डार्लिंगहर्स्टच्या तुरुंगात गेला. आपला कैदी म्हणून पडलेला आकडाच त्याने एका कवितेला नाव म्हणून दिला. ते त्याने मुलांना सरळ सांगितले, उगीच आवाज खाली न आणता असावे, कारण मुलांचे चेहरे खाली गेले नाहीत. एक तक्रार मात्र माझी आहे. 1903 मध्ये दोन मुलांना घेऊन वेगळी झालेली त्याची बायको बर्था हिच्या वाट्याला नटाने दोन वाक्येच दिली. सापाच्या राखणीला बसलेल्या कल्पनेतल्या बाईसाठी दहा मिनिटे आणि त्याच कवीच्या खऱ्या घरातल्या बाईसाठी दोन वाक्ये. कवींच्या बायकांचे सगळीकडे असेच.

शेवटी त्याने खिशातून एक जुनी कागदी नोट काढली. 1966 साली ऑस्ट्रेलियाने डॉलर काढले तेव्हा पहिल्या दहा डॉलरच्या नोटेवर लॉसन होता. पैसे भरता आले नाहीत म्हणून तुरुंगात गेलेला माणूस पैशांवरच जाऊन बसला! मग दुसऱ्या खिशातून त्याने आजची नोट काढली. 1993 पासून तिच्यावर पॅटरसन आहे. मुलांनी केवढा तरी हशा केला. त्यात माझा नातू तोंड फिरवून माझ्याकडे बघत होता.

मुलांना वर्गात नेईपर्यंत मी रेंगाळले. नट एकटाच पेटी भरत होता. मघाशी बाबागाडी झालेली वळकटी आता नुसती घोंगडी होती. जवळून तो फार दमलेला दिसला. त्याला पुढे आणखी एक शाळा होती. मी त्याला माझ्या इंग्रजीत विचारले, की ते न बोलण्याचे मिनिट तुम्ही कसे काढता? भीती वाटत नाही, मुले हाताबाहेर जातील अशी? तो काहीतरी बोलला, खाली वाकून. मी म्हणाले, "हो का?" आणि मग मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी म्हणाले, "माफ करा, मला ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून सांगाल का?"

चार वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच तोंडातून गेले, आणि तेही परक्या भाषेत.

तो उठून उभा राहिला. टोपी काढली, सावकाश बोलला. त्याचे सगळे शब्द नाही सांगता येणार, पण आशय असा: त्या मिनिटात सगळी मुले माझ्याकडे बघतात. एखाद्या शाळेत एखादे मूल माझ्याकडे बघत नाही. ते वळून बाकीच्या मुलांकडे बघत असते. ते मूल कुठे बसले आहे ते मी जाताना त्यांच्या शिक्षकांना सांगून जातो.

घरी येताना नातू माझा हात धरून चालत होता. रस्ता ओलांडून झाल्यावर तो माझ्या पुढ्यात आला, उलटा चालू लागला आणि म्हणाला, "आजी, तुला पण हेन्रीसारखं होतं ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तू आलीस तेव्हापासून मला माहीत आहे. मागून हाक मारली की तू वळत नाहीस. म्हणून तर मी पुढे येऊन बोलतो."

आणि मी आपली, मुलीने चांगले वळण लावले म्हणत होते! "उलटा चालू नको, पडशील," एवढेच मी त्याला म्हणाले.

त्या रविवारी आम्ही वेव्हर्लीच्या दफनभूमीत गेलो. लॉसन 2 सप्टेंबर 1922 रोजी वारला. उतारवयात ज्या मिसेस बायर्स यांनी त्याला सांभाळले त्यांच्याच घरी. ज्या सरकारने त्याला कोंडले त्याने मग त्याची सरकारी इतमामाने अंत्ययात्रा काढली. दफनभूमी समुद्रावरच्या कड्यावर आहे. पांढऱ्या क्रूसांच्या रांगा उतरत उतरत थेट पाण्यापर्यंत गेल्यासारख्या दिसतात. जावईबापूंना मात्र कवीत रस नव्हता. व्हिक्टर ट्रंपर हा जुन्या काळचा थोर फलंदाजही तिथेच पुरलेला आहे. ते त्याची कबर शोधायला निघून गेले आणि लेक त्यांना शोधायला.

मी यंत्र घालून आले होते. खणातून काढून, नातवाच्या मदतीने त्यात बिल्ला बसवून. आदल्या दोन दिवसांत त्या यंत्रातून मी पुष्कळ काही ऐकले होते: भांड्यांचा कल्लोळ, पावलांचा चुरचुर आवाज, आणि माझा स्वतःचा आवाज, जो मला अगदी अनोळखी बाईचा वाटला. कड्यावर आल्याबरोबर समुद्राचा वारा त्यात शिरला. कुणी कानाशी पत्र्याची रास ओतत असावे असा खडखडाट सुरू झाला. लॉसनच्या थडग्यासमोर उभी राहून मी दोन्ही कानांवर हात दाबले.

नातू थडग्यावरची अक्षरे वाचत होता. त्याने माझ्याकडे पाहिले, हाताने खूण केली: काढ ते. मी यंत्र काढून डबीत ठेवले. वारा बंद झाला. तो थडग्याला वळसा घालून आला, माझ्या समोर उभा राहिला आणि दगडावर काय लिहिले आहे ते एक एक शब्द तोडून सांगू लागला.